पद्मिनीचा सडलेला फ्लोअर घरच्या गॅरेजात कसा बदलायचा

आधीच सांगून टाकतो, इंजिनाबद्दल यात जवळजवळ काहीच नाहीये. प्रीमियर पद्मिनी, म्हणजे जुनी फियाट, तिचं १०८९ सीसीचं इंजिन जुने मिस्त्री डोळे मिटून उघडतात, पार्ट नाही मिळाला तर लेथवर करून घेता येतो. गाडी मरते ती पत्र्यामुळे. आणि पत्र्याबद्दल मला इंदूरात जेवढे फुकट सल्ले मिळाले तेवढे लग्नाच्या वेळीपण नव्हते मिळाले. "फायबर मार दो भिया", "डांबर फासा, दहा वर्षं बघायला नको", "तेजाब ओता, सगळा गंज खाऊन टाकतं". बाबांची ८४ सालची पद्मिनी आणि नंतर ओळखीतल्या दोन गाड्या, असे तीन फ्लोअर, म्हणजे पायाखालचे तळाचे पत्रे, मी राजेंद्रनगरला घरच्या गॅरेजात बदललेत. त्यातला पहिला दोनदा बदलावा लागला, म्हणजे चार धरा.

सल्ले चुकीचे का ते थोडक्यात. गंजाला पाणी आणि हवा लागते, आणि गंजावर फासलेलं डांबर आत अडकलेला ओलावा तसाच धरून ठेवतं, वरून काळंभोर चकचकीत आणि आत पत्रा पापडासारखा. फायबरग्लासचं तेच. तेजाब, म्हणजे अॅसिड, तर त्याहून वाईट, कारण दोन पत्रे जिथे एकावर एक जोडलेत त्या फटीत ते शिरतं आणि पुन्हा बाहेर येत नाही, तुम्ही वरून कितीही पाणी मारा. शिवाय त्याच्या वाफेने गॅरेजमधले पाने-स्क्रूड्रायव्हरसुद्धा गंजतात, माझे गंजले.

आणि पद्मिनीला जीप-ट्रकसारखी खाली वेगळी चेसिस, म्हणजे लोखंडी सांगाडा, नसते, बॉडी हीच चेसिस. फ्लोअर आणि दाराखालची ती लांब पोकळ पेटी, जिला सिल म्हणतात, यांच्यावर गाडीचा भार आहे. त्यामुळे सडलेला फ्लोअर म्हणजे नुसतं पायाखाली भोक, मॅट टाकली की झालं, असं नसतं.

काम कधी काढायचं? दिवाळीनंतर. जुलै-ऑगस्टमध्ये घासून पांढरा केलेला पत्रा सकाळपर्यंत तांबूस झालेला असतो आणि मे महिन्यात काय होतं ते पुढे सांगतो.

आधी गंज कुठवर गेलाय ते बघा

सीटं, मॅट, खालचा गोणपाटासारखा नमदा, सगळं बाहेर. बॅटरी काढा. पेट्रोलची टाकी पूर्ण काढून गॅरेजच्या बाहेर दुसरीकडे ठेवा. रिकामी आहे म्हणून राहू द्या असं कुणी म्हणालं तर त्याला घरी पाठवा, रिकाम्या टाकीतली वाफच जास्त भडकते.

मग हातोडीने हळूहळू टोकत जा. चांगला पत्रा टणकन वाजतो, सडलेला भद्द करतो. शंका आली तिथे स्क्रूड्रायव्हर खुपसा, जातोय तर जाऊ द्या, तुम्ही भोक पाडत नाहीये, ते आधीच होतं. बाहेरच्या पॅनलवर फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक फिरवा, जिथे चिकटत नाही तिथे कुणीतरी पुट्टी भरलीये. बाबांच्या गाडीच्या मागच्या मडगार्डात बोटभर जाड पुट्टी निघाली, तिच्या आत वर्तमानपत्राचा बोळा.

गंज आला कुठून तेपण शोधा, नाहीतर नवीन फ्लोअरपण जाईल. बहुतेक वेळा पुढच्या काचेचं रबर कडक झालेलं असतं, पाणी डॅशबोर्डामागून उतरून नमद्याखाली साचतं. दारांच्या खालची निचऱ्याची भोकं बुजलेली असतात हे दुसरं कारण.

ग्राइंडर हातात घ्यायच्या आधी चेसिस नंबर कुठे कोरलाय ते शोधा, त्याचा फोटो काढा आणि त्यावर जाड टेप लावा. तो चुकून घासला गेला तर आरटीओत जे होईल त्यापुढे वेल्डिंग म्हणजे पोरखेळ. गाडी ५० वर्षांच्या वरची असेल तर २०२१ च्या नियमांप्रमाणे व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, पण त्यासाठीसुद्धा ती मूळ रूपातच असायला लागते.

कापायच्या आधी आधार

गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरू नका, चार लोखंडी घोड्या लावा. घोड्या टोकांना, सस्पेन्शन जिथे जोडलंय तिथे, मधे नाही.

आता पहिला फ्लोअर मी दोनदा का केला ते. सिल कापली, गाडी घोड्यांवर, सगळं छान, नवीन पेटी बसवली, वेल्ड केली, गाडी खाली उतरवली आणि ड्रायव्हरचं दार लागेना. पाऊण बोट खाली बसलेलं. पेटी कापली तेव्हाच बॉडी मधून किंचित वाकली होती आणि मी ती वाकलेलीच पक्की केली. सगळं परत कापलं. तर सिलला हात लावायच्या आधी दाराच्या चौकटीत आडवा एक इंची चौकोनी पाइप लावा, पुढच्या खांबापासून मधल्या खांबापर्यंत, आणि एक तिरका. दारं एकदा लावून बघा, फटी मोजून भिंतीवर लिहून ठेवा. एका वेळी एकच बाजू कापायची. दुसरी बाजू पहिली पूर्ण झाल्यावर, मग कितीही खुमखुमी येवो.

कापणं

गंज दिसतो त्याच्यापुढे किमान एक इंच. पत्रा पूर्ण जाडीचा आणि चमकदार दिसेपर्यंत कापत जा. इथे सगळ्यांचा हात आखडतो, माझापण आखडला होता, कारण भोक मोठं होत जातं आणि पोटात गोळा येतो. पण पातळ झालेल्या कडेला वेल्डिंग धरतच नाही, ती वितळून मागे पळते आणि भोक आपोआप मोठं होतं, फक्त वेडंवाकडं होतं. कोपरे गोल ठेवा.

पॅच

नमकीनच्या दुकानात शेवेचे पुठ्ठ्याचे खोके मिळतात, त्यावर भोकाचा आकार उतरवा, पुठ्ठा नीट बसला की पत्र्यावर आखा. पत्रा सीआर (थंड लाटलेला) घ्या, गुळगुळीत राखाडी तेलकट असतो तो, २० गेज फ्लोअरला आणि १८ सिलला, गेजचा आकडा लहान तितका पत्रा जाड.

जीआय पत्रा, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला कूलरचा पांढरा पत्रा, घेऊ नका. मी घेतला होता, अंगणात जुना कूलर पडलेला होताच, फुकटचा पत्रा म्हणून कापला. वेल्डिंग करताना पांढरा धूर निघाला, नाकात गोडसर चव, आणि रात्री हुडहुडी भरून ताप. तो जस्ताचा धूर असतो आणि हे असं होणं वेल्डरांना चांगलं माहिती असतं, वरून दूध पी-गूळ खा सांगतात. दुधाने काही होत नाही, धूरच घ्यायचा नाही.

वेल्डिंग, म्हणजे खरं काम

इथे सावकाश वाचा.

पहिली गोष्ट, साध्या रॉडच्या वेल्डिंगने हा पत्रा होत नाही. गेटवाला वेल्डर म्हणेल होतो, तो गेटच्या अँगलवर काम करतो, तुमचा पत्रा एक मिलीमीटरसुद्धा नाहीये. गॅस वेल्डिंगने जुने डेंटर करायचे आणि सुंदर करायचे, पण त्याची आच पसरते आणि शिकायला वर्षं लागतात. घरी करायचं तर मिग, लोक सीओटू वेल्डिंग म्हणतात ते, यात तार वितळते आणि तिच्याभोवती सिलिंडरमधला गॅस सुटतो. सिंगल फेजवर चालणारं छोटं मशीन पुरतं, तार ०.८ ची, ०.६ मिळाली तर आणखी चांगलं. बिनगॅसची तार पण मिळते, तिची आच जास्त आणि शिंतोडे जास्त, आणि ती लावली तर मशीनची पोलॅरिटी (प्लस-मायनस) उलटी करावी लागते हे दुकानदार सांगत नाही. माझं मत विचाराल तर सिलिंडर घ्या.

करंट सगळ्यात कमी, आणि आधी त्याच गेजच्या भंगार तुकड्यांवर दोन संध्याकाळी घालवा. गाडीवर शिकू नका.

पत्रा तापला की फुगतो आणि थंड होताना आकसतो, पण आकसून मूळ मापाच्याही आत जातो, म्हणून सलग रेघ ओढली की पॅच लाटलेल्या पुरीसारखा फुगून बसतो आणि मग तो काही केल्या सरळ होत नाही. सलग रेघ ओढायचीच नाही. फक्त टाके, म्हणजे वेल्डचे सुटे ठिपके. कडेला कड जोडत असाल तर पॅच आणि फ्लोअरमध्ये साधारण एक मिलीमीटर फट ठेवा, चार कोपऱ्यांना एकेक टाका, मग समोरासमोरच्या बाजूंच्या मधे एकेक, मग त्यांच्या मधे. ट्रिगर दाबला, एक म्हणेपर्यंत सोडला. एका टाक्यानंतर पुढचा टाका शेजारी नाही, लांब, दुसऱ्या टोकाला. आणि तीन-चार टाके झाले की थांबा, उघड्या हाताने स्पर्श करता येईल इतका पत्रा थंड होऊ द्या. मी रेडिओ लावून बसतो. फूट बाय फूटच्या पॅचला एक अख्खी संध्याकाळ जाते आणि जायलाच पाहिजे, तासाभरात झाला तर तो फुगलेला असणार, पट्टी ठेवून बघा.

लवकर थंड व्हावा म्हणून ओलं फडकं लावायचा सल्ला पण खूप ऐकाल. पत्र्याला फार काही होत नाही, पण ते पाणी फटीत शिरतं, आणि आपण एवढा खटाटोप त्या फटीतल्या पाण्यापायीच करतोय ना.

भोक पडलं तर घाबरू नका, त्याच्या मागे तांब्याची पट्टी दाबून धरा आणि कडेवरून छोटे टाके देत भोक भरा. लोखंड तांब्याला चिकटत नाही. जुन्या एसीच्या तांब्याच्या नळीचा तुकडा ठोकून चपटा केला की पट्टी तयार, मी तीच सगळीकडे वापरतो.

आणि आता मे महिना. पहिल्या वर्षी मी उन्हाळ्याच्या सुट्टीत काम काढलं, बाहेर ४२ डिग्री, म्हणून गॅरेजात कूलर लावला आणि वेल्डिंगला बसलो. टाके असे आले की अनारसा बरा, सगळी जाळी. दोन दिवस मी मशीनला शिव्या घातल्या, तार बदलली, करंट वर-खाली केला, सिलिंडरवाल्याशी भांडून आलो. तिसऱ्या दिवशी लाइट गेली, कूलर बंद, आली तेव्हा फक्त मशीन चालू केलं आणि टाका एकदम गुळगुळीत. गॅस त्या वितळलेल्या थेंबाभोवती हवा येऊ देत नाही हे त्याचं काम, आणि मी कूलरने तो गॅस उडवून देत होतो. पंखा बंद, कूलर बंद, वाऱ्याची दारं अर्धी लोटलेली, पण कोंडूनपण घेऊ नका. घाम येतो, येऊ द्या.

वेल्डिंग करताना गाडीच्या दुसऱ्या बाजूला काय आहे ते बघत राहा, फ्लोअरखालचं जुनं डांबर पेटतं आणि तुम्हाला हेल्मेटमधून दिसत नाही. म्हणून शेजारी माणूस बसवा, बादलीभर वाळू आणि आग विझवायचा सिलिंडर हाताशी. आमच्याकडे हे काम आईने केलं, भाजी निवडत निवडत, आणि दोनदा तिनेच आधी पाहिलं.

जोड कसा असावा यावर लोक तासन्‌तास भांडतात. माझं असं, बाहेरून दिसणाऱ्या पॅनलला कडेला कड, फ्लोअरला अर्धा इंच एकावर एक चालेल, पण तेव्हा दोन्ही बाजूंनी फट पक्की बुजवायची. फक्त वरून बुजवली तर नवीन गंजाला नवीन खोली बांधून दिली.

नंतर ग्राइंडरवर ६० ची फ्लॅप डिस्क, म्हणजे सँडपेपरच्या पाकळ्यांची चकती, दाबू नका, दाबल्याने पत्रा परत तापतो आणि इतका वेळ राखलेलं सगळं घालवतो. रात्री गॅरेजातले दिवे बंद करून गाडीखाली बल्ब लावा आणि आत बसून बघा, राहिलेली बारीक भोकं चांदण्यांसारखी दिसतात. खडूने खुणा करा, परत टाके.

बाकीचं

त्याच दिवशी दोन डब्यांचा इपॉक्सी प्रायमर, मग जोडांवर सीलर, मग खालून अंडरकोट. आता डांबरी अंडरकोटही चालेल, कारण खाली प्रायमर आहे. सिलच्या पोकळीत लांब नळीने मेण-तेलाचा फवारा मारा आणि तिची खालची निचऱ्याची भोकं उघडी ठेवा, उत्साहात तीही बुजवणारे लोक मी पाहिलेत.

बिजागऱ्या, बोल्ट, ब्रॅकेट असल्या छोट्या वस्तूंना घासत बसू नका. इंदूरच्या सियागंज बाजारात लिंबूसत किलोने मिळतं, दहा लिटर कोमट पाण्यात अर्धा किलो, रात्रभर बुडवा, सकाळी ब्रशने धुवा, खायच्या सोड्याच्या पाण्यातून काढा आणि लगेच वाळवून तेल लावा.

रंग घरी मारू नका. हार्डनरवाल्या रंगाची वाफ फुप्फुसाला घातक असते आणि साधा कापडी मास्क तिथे काहीच करत नाही. रंगाच्या बूथवाल्याकडे द्या, फक्त पुट्टी भरताना समोर उभे राहा.

ब्रेकची सगळी रबरं आणि होस नवीन, न बघता. जुनी दारं-डिक्की हवी असेल तर मुंबईला कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर चक्कर मारावी लागते. तिथल्या पद्मिनी टॅक्स्या ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून हद्दपार झाल्या, तेव्हा आशा बेताची ठेवा.

मॅट मात्र लगेच चिकटवू नका. पुढच्या काचेवर दहा मिनिटं पाइपाने पाणी सोडा, कोरड्या फ्लोअरवर वर्तमानपत्र पसरून ठेवा आणि कागद कुठे ओला होतो ते बघा. माझा तिसऱ्या गाडीतसुद्धा डाव्या कोपऱ्यात झाला होता, परत रबर काढलं. एक पावसाळा मॅट अशीच सुटी राहू द्या, दर रविवारी उचलून खाली हात फिरवायचा.