आधी गाडी कितीची ते विचारा

येत्या मंगळवारी आपल्या चर्चच्या मंडळीतले आठजण पहिल्यांदाच सुवार्तेसाठी, म्हणजे ख्रिस्ताविषयी लोकांना सांगायला, आठवडी बाजाराला आणि स्टँडवर निघालेत. पाळकसाहेब म्हणाले, "बाई, काय घ्यायचं, काय करायचं, एवढी यादी लिहून द्या पोरांना." चौतीस वर्षं शाळेत याद्याच लिहिल्या मी, पण ही क्रमांक घालून लिहायला बसले तर जमेना. निम्म्या गोष्टी पिशवीत मावणाऱ्या नाहीत. म्हणून जसं आठवेल तसं लिहिते, तुम्ही आपापल्या वहीत उतरवून घ्या.

सुरुवात माझ्या चुकीपासून करते. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी एका संध्याकाळी स्टँडवरच्या बाकावर एका बाईशेजारी बसले. बायबलातली उधळ्या पुत्राची गोष्ट, घर सोडून गेलेला मुलगा शेवटी बापाकडे परततो ती, मला चांगली सांगता येते, असं लोक म्हणतात, आणि त्या दिवशी ती भलतीच रंगली. बाई मान डोलवत होती. मला वाटलं, ऐकतेय. ती बघत होती माझ्या खांद्यावरून फलाटाकडे, आणि भिडेपोटी उठत नव्हती. तिच्या गावची गाडी लागली, भरली आणि गेली. मुक्कामाची गाडी, म्हणजे शेवटचीच. पुत्र घरी पोचला, बाई राहिली. मग काळीपिवळीत बसवून दिलं, भाडं मी भरलं. पण अंधारात उशिरा पोचल्यावर घरी तिला काय काय ऐकून घ्यावं लागलं असेल, ते माझ्या गोष्टीत नव्हतं. तेव्हापासून माझं पहिलं वाक्य ठरलेलं आहे: "गाडी कितीची आहे?" दहा मिनिटांची असेल तर प्रवास सुखाचा होवो म्हणायचं आणि गप्प बसायचं. तुम्हीही हे वाक्य पाठ करून या.

आता पिशवी. कापडी घ्या, खांद्याला अडकवायची. एका जोडीमागे चाळीस पत्रकं पुरेत. पाचशेचा गठ्ठा नेला की हात वाटत सुटतात आणि तोंड बंद पडतं. प्रत्येक पत्रक आदल्या रात्री स्वतः शेवटपर्यंत वाचा. मंडळीच्या कपाटात जुने गठ्ठे आहेत, त्यात दुसऱ्यांच्या देवांना नावं ठेवणारी काही आहेत. ती मी वेगळी काढून ठेवलीत, कोणी परत आत सरकवू नये. छापणाऱ्याचं नाव-पत्ता नसलेलं पत्रकही घ्यायचं नाही. बायबलातल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या चार छोट्या पुस्तिका बरोबर असू द्या, पण त्या आपणहून मागणाऱ्यालाच. आणि पन्नास-साठ रुपयांचा वाचायचा चष्मा एक. हसू नका. म्हातारी माणसं कागद लांब धरतात, जवळ धरतात आणि "नंतर वाचतो" म्हणून खिशात घालतात. चष्मा पुढे केला की तिथंच वाचायला लागतात. पाण्याच्या दोन बाटल्या, त्यातली एक दुसऱ्याला देण्यासाठी. सुटे पैसे, ओळखपत्र, टोपी किंवा छत्री, भाकरी. चपला रोजच्या, नव्या नकोत. कपडेही बाजाराला जाताना घालता तेच. पांढऱ्याशुभ्र कपड्यांत रांगेनं चालत गेलात तर लोकांना वाटेल निवडणूक लागली.

एक रिकामी पिशवी वेगळी घ्या. लोक पत्रकं टाकतात. टाकलेली उचलायची, आपली नसली तरी. एका लसूण-मिरचीवाल्या आजोबांनी माझ्यासमोर पत्रकाचा कोन वळला, त्यात पाव किलो मिरची भरली आणि म्हणाले, "कागद बरा आहे, अजून हायती का?" मला आधी राग आला, मग हसू आलं, मग मी मिरची घेतली. तोच कोन घरी आला माझ्या.

मोबाइल चार्ज करून घ्या, पण तो फोनसाठी. माणसांचे व्हिडिओ काढायचे नाहीत, प्रार्थना करताना फोटो नाही, रील तर नाहीच नाही. आपल्याशी दोन शब्द बोलणारा माणूस उद्या गावात त्या फोटोपायी अडचणीत येऊ शकतो. यावर चर्चा करायला मी तयार नाही. लाउडस्पीकरही नको. त्याला परवानगी लागते, आणि परवानगी मिळाली तरी भोंग्यातून कोणाला "गाडी कितीची" विचारता येत नाही.

जोड्या पाळकसाहेबांनी पाडल्यात, त्या मोडू नका. प्रभूनेही शिष्यांना दोघादोघांनीच पाठवलं. एकानं बोलायचं, दुसऱ्यानं गप्प राहायचं, आणि गप्प राहण्याचं काम जास्त अवघड आहे. समोरचा कंटाळला का, त्याचं पोर कुठं पळालं, कोणी लांबून टक लावून बघतंय का, हे त्यानं पाहायचं. त्यानं खाकरलं की बोलणाऱ्यानं वाक्य अर्धवट असलं तरी थांबायचं. बायांशी बायांनी बोलायचं.

जागेचं बोलू. बाजारात सकाळी कोणाच्या पालासमोर उभं राहायचं नाही. भवानी व्हायच्या आधी तर मुळीच नाही. पहिलं गिऱ्हाईक अडवलंत तर दिवसभर तुमच्या नावानं खडे फोडतील, आणि बरोबरच आहे त्यांचं. दुपारी दोन-अडीचनंतर विक्रेते निवांत होतात, भाकरी सोडतात, तेव्हा जा आणि आधी काहीतरी विकत घ्या. स्टँडवर वाहतूक नियंत्रकांना सांगून बसा. रेल्वेच्या डब्यात वाटप नको. शाळेच्या फाटकाशी नको, लहान मुलांच्या हातात आईबापांच्या नकळत काही द्यायचं नाही. दवाखान्याच्या वॉर्डात नको. खाटेवरच्या माणसाला उठून जाता येत नाही. देवळाच्या दारात, उरुसाच्या मांडवात नको. आषाढात दिंडी आपल्या रस्त्यानं जाते तेव्हा वारकऱ्यांना पाणी द्यायला जरूर जा, मीही येते, पण पिशवीत पत्रकं नसावीत. सप्टेंबरात हरेगावला मतमाउलीच्या, म्हणजे मारियामातेच्या, यात्रेत तुम्ही सगळ्या जातिधर्मांची गर्दी पाहिली आहे, ती लक्षात ठेवून स्टँडवर फसू नका. तिथं लोक आपणहून आलेले असतात. स्टँडवर ते पाथर्डीला निघालेले असतात.

कायद्याचं थोडक्यात, पण नीट. घटनेचं कलम २५ आपल्याला धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क देतं. सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य सांभाळून. १९७७ साली स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की प्रसार म्हणजे आपल्या धर्माची तत्त्वं दुसऱ्यापुढे मांडणं. दुसऱ्याचं धर्मांतर घडवून आणण्याचा हक्क त्यात येत नाही. माझं वैयक्तिक मत विचाराल तर आपल्याला तेवढंच पुरेसं आहे, पुढचं काम आपलं नव्हेच. भारतीय न्याय संहितेत धार्मिक भावना जाणूनबुजून दुखावण्यासाठी २९९ आणि ३०२ ही कलमं आहेत. शेजारच्या मध्य प्रदेशात, गुजरातेत, छत्तीसगडात धर्मांतराबाबत स्वतंत्र कायदे आहेत, म्हणून तिकडच्या नातेवाइकांच्या गावी परस्पर वाटप करू नका. आपल्याकडची आजची स्थिती काय, हे मंडळीच्या वकिलांकडून सोमवारी समजून घ्यायचं आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या कायद्यावर विसंबू नका. वकिलांचा नंबर कागदावर लिहून खिशात ठेवा, मोबाइल हातातून गेला तर पाठ कोणाला आहे?

काय बोलायचं याची तयारी मात्र आजपासून लागेल. नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला निघाले होते, आगगाडीनं. डब्यात एक अनोळखी गोरा माणूस. त्यानं जागा करून दिली आणि विषय काढला तो संस्कृत काव्याचा. टिळक कवी, त्यांची कळी खुलली. बराच वेळ त्याच गप्पा, आणि मग कुठं धर्माचं बोलणं निघालं. शेवटी त्या माणसानं बायबलातला नवा करार हातात ठेवला आणि म्हणाला, हा वाचाल तर दोन वर्षांत ख्रिस्ती व्हाल. टिळकांनी वाचायचा शब्द दिला होता म्हणून वाचायला घेतला, आणि येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी ते अडकले. फेब्रुवारी १८९५ मध्ये मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. आपण रविवारी जी भजनं टाळ-पेटीवर म्हणतो त्यातली कितीतरी त्या डब्यातल्या गप्पांची नातवंडं आहेत. दोन वर्षांच्या भाकिताचं सगळे कौतुकानं सांगतात. मला त्या माणसाच्या आधीच्या गप्पांचं कौतुक आहे. त्याला संस्कृत काव्य येत होतं. तुम्हाला समोरच्या माणसाचं काय येतं? कांद्याचा आजचा भाव माहीत आहे का? यंदा त्या भागात पाऊस किती झाला? निघण्याआधी एवढं विचारून घ्या, आणि खरंच जाणून घ्यायचं असेल तरच विचारा.

स्वतःची साक्ष, म्हणजे आपण विश्वासात कसे आलो ते, तीन मिनिटांत बसवा. घड्याळ लावून, घरातल्या कोणाला तरी ऐकवून. शक्यतो चर्चला न येणाऱ्या शेजारणीला. मग तिलाच विचारा, कुठला शब्द कळला नाही. आपण मुक्ती या अर्थानं "तारण" म्हटलं की बाजारातल्या माणसाला बँकेत ठेवलेलं सोनं आठवतं, हे मी स्वतः अनुभवलंय. एका शेतकऱ्यानं मला गंभीरपणे विचारलं होतं, "व्याज किती पडतं?" "अभिषेक" म्हणजे त्याच्या डोळ्यांपुढे पिंडीवरचं दूध. "कोकराचं रक्त" तर बाजारात मटणवाल्यांच्या कोपऱ्यात उभं राहून म्हणूच नका. पंडिता रमाबाईंनी केडगावला शेवटच्या आजारपणापर्यंत बसून हिब्रू-ग्रीकवरून अख्खं पवित्र शास्त्र सोप्या मराठीत आणलं, कारण खेड्यातल्या बाईला ते वाचून कळलं पाहिजे, हा त्यांचा हट्ट होता. १९२२ साली त्या गेल्या. शंभर वर्षं उलटली आणि आपण अजून व्यासपीठावरची मराठी बोलतो.

प्रश्न येतील. पहिला: "किती पैसे मिळतात तुम्हाला?" उत्तर: काही नाही. मंडळीनं गाडीखर्च दिला असेल तर तेही सांगा, अर्धं सत्य सांगू नका. दुसरा प्रश्न जास्त झोंबतो: "तुमचे वाडवडील दुष्काळात भाकरीसाठी बाटले ना?" मी हा प्रश्न टाळत नाही. १८७६-७७ च्या दुष्काळात माझ्या पणजोबांना मिशनच्या विहिरीच्या कामावर घेतलं, भाकरी मिळाली, आणि गावच्या विहिरीवर त्यांना त्याआधीही पाणी भरू देत नव्हते, त्यानंतरही नाही. हे असंच सांगते. भाकरी मिळाली हे खरं, दुष्काळ संपल्यावरही ते परत गेले नाहीत हेही खरं. ऐकणारा पटवून घेईल न घेईल. आणि "आधी कोणत्या जातीचे?" असं विचारलं तर रागावू नका, सांगायचं असेल तर सांगा, नसेल तर "आता ते सोडलंय" म्हणून हसा. ज्याचं उत्तर येत नाही तिथं "मला ठाऊक नाही, विचारून सांगते" म्हणायचं. येशूचा शिष्य पेत्र, त्यानं सौम्यतेनं उत्तर द्यायला सांगितलंय, सगळी उत्तरं यायला हवीत असं सांगितलेलं नाही.

काही देऊ करायचं नाही. नोकरी, शाळेत प्रवेश, धान्य, यातलं एक अक्षरही नको. भुकेलेल्याला भाकरी द्या, तेव्हा पत्रक देऊ नका; दोन्ही एकाच हातानं कधीच नाही. कोणी म्हणालं, "माझ्या पोरासाठी प्रार्थना करा," तर तिथंच, हळू आवाजात, अर्ध्या मिनिटाची करा. डोक्यावर हात ठेवू नका. बरा होईलच असं वचन देऊ नका, औषध थांबवा असं तर चुकूनही तोंडातून जाऊ नये. गोळ्या वेळेवर देताय ना, हे आधी विचारा. चमत्काराच्या दाव्यानं फसवणूक झाली तर त्याला आपल्या राज्यात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे, पण मी कायद्यासाठी सांगत नाहीये. आजारी पोराच्या आईशी असं बोलणं पाप आहे.

नको म्हणणाऱ्याला दुसऱ्यांदा विचारायचं नाही. कोणी पत्रक समोरच फाडलं तर तुकडे उचलायचे, बोलायचं नाही. चार-पाचजण जमून "कोणाच्या परवानगीनं?" म्हणू लागले तर वाद नको, कलम २५ ही तिथं काढू नका. नमस्कार करायचा, पिशवी बंद करायची, रसवंतीपाशी मी बसलेली असेन, तिकडं यायचं. आठही जण आले की निघू. पोलिसांनी बोलावलं तर एकट्यानं जायचं नाही, ओळखपत्र दाखवायचं, विचारलं तेवढंच सांगायचं, न वाचता सही करायची नाही. अशी वेळ माझ्यावर दोनदाच आली. एकदा तर हवालदारांनी चहा पाजून सोडलं.

परत आल्यावर किती पत्रकं वाटली हे मला कोणी सांगू नये. कोणाशी बोललात, त्यांचं काय चाललंय, तेवढं वहीत लिहा. नावं नकोत, वही हरवते.

आणि यंदा पत्रकाच्या मागे मंडळीचा नंबर छापलाय, तो फोन आठवडाभर आळीपाळीनं तुमच्याकडे राहील. तो रात्री अकरालाही वाजतो. बहुतेक फोन "तिकडं काही काम मिळंल का" असं विचारायला येतात, काही नुसते शिव्या द्यायला, आणि एखादी बाई काहीच बोलत नाही, नुसता श्वास ऐकू येतो. तेव्हा ठेवून देऊ नका. ती ठेवेपर्यंत कानाला लावून बसा. चार्जर जुन्या फोनचा आहे, पाळकसाहेबांकडून मागून घ्या.