तारीख विचारू नका, चुलीवर काय होतं ते विचारा

मोठमोठ्या घटना डोळ्यानं पाहिलेली माणसं आपल्याच घरात बाजेवर बसलेली असतात आन आपण त्याच घटना युट्यूबवर कुण्या तिसऱ्याकडून ऐकत बसतो. १९४८ ला जी पोरगी दहा वर्षांची होती ती आता नव्वदीकडं चाललीय, हैदराबादच्या निजामाचं राज्य जाताना बघितलेली माणसं आता एकेका गावात दोन-तीनच सापडतात. मी गेली काही वर्षं लातूर, धाराशिव, नांदेडकडच्या म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी मोबाईलवर रेकॉर्ड करायलोय. ज्यांना हे आपल्या घरी करायचंय त्यांच्यासाठी सगळं सविस्तर लिहितो, आन शक्य असेल तर याच दिवाळीत करा, पुढच्या दिवाळीवर ढकलू नका.

सगळ्यात आधी पहिला प्रश्न. तो चुकला की गाडी तिथंच अडकते. मी माझ्या चुलत आजीला पहिल्यांदा विचारलं होतं, आजी १७ सप्टेंबर १९४८ ला तुम्ही काय बघितलं? ती म्हणाली, "मला काय बाबा तारीख कळतीय, आम्ही अडाणी, त्या मास्तरला विचार." झालं, विषय बंद. महिनाभरानं परत गेलो आन फक्त एवढंच विचारलं की रझाकारात, म्हणजे निजामाच्या बाजूच्या हत्यारबंद रझाकारांच्या धुमाकुळात, तुम्ही रात्री झोपायला कुठं जायचा. मग आजी दीड तास बोलली. खरिपाची ज्वारी डोक्याच्या वर गेलेली, त्यात बायका-लेकरं घेऊन झोपायचं, लेकरू रडलं की तोंडावर पदर धरायचा, तांब्या-पितळेची भांडी उकिरड्यात पुरलेली, आन मोठी चुलती गाडी जुंपून बार्शीकडं गेली कारण बार्शी तेव्हा निजामाच्या हद्दीत नव्हती. यातलं एकही वाक्य मला तारीख विचारून मिळालं नसतं.

म्हणून प्रश्न कायम शरीराचा, घराचा, पोटाचा विचारायचा. त्या दिवशी सैपाक काय होता, पाणी कुठून आणायचे, रात्री दिवा लावायचे की विझवून बसायचे, सांगायला पहिल्यांदा कोण आलं, तो पळत आला की सायकलवर. १९७२ च्या दुष्काळाबद्दल विचारायचं तर "दुष्काळ कसा होता" म्हणू नका, "मिलो खाल्ली का" म्हणून विचारा. ती लाल अमेरिकन ज्वारी, तिची भाकरी, सुकडी वाटायचे ते, खडी फोडताना हाताला आलेले फोड, हे सगळं एका शब्दामागं धडधड येतं.

तारीख लागतेच, पण ती आपण मागून लावायची, सणावरून आन पिकावरून. आपल्याकडं एक गंमतशीर योग आहे, पोलीस ॲक्शन (निजामाविरुद्धची भारतीय फौजेची कारवाई, सप्टेंबर १९४८) झाली तेव्हा गणपतीचे दिवस होते आन किल्लारीचा भूकंप झाला तो पण विसर्जनाच्या रात्री, ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारला काही मिनिटं कमी असताना. त्यामुळं कुणी नुसतं "गणपतीतच झालं सगळं" म्हणलं तर लगेच वहीत साल टाकू नका, तेव्हा तुमचं लग्न झालेलं का, थोरला पोरगा केवढा होता, असं विचारून घ्या.

स्वतः थोडं वाचून जा, पण वाचलेलं खिशात ठेवा, म्हाताऱ्या माणसासमोर काढू नका. मी एका आबांना मधीच टोकलं. ते म्हणाले मिल्ट्री आली त्याच दिवशी निजाम पडला असं नाही, चार दिवस आधीच आमच्याकडं आलेली, आन मी म्हणालो नाही आबा, १७ तारीख आहे. ते गप बसले, पुढं मोकळे बोललेच नाहीत. नंतर नीट बघितलं तर बरोबर तेच होते. भारताची फौज १३ सप्टेंबरला सोलापूरकडून आत शिरली आन नळदुर्ग पहिल्याच दिवशी ताब्यात आलं, निजामानं शरणागती रेडिओवर जाहीर केली ती १७ ला आन निजामाच्या फौजेचे जनरल अल इद्रूस यांनी भारताच्या जनरल चौधरींपुढं रीतसर शरणागती पत्करली ती १८ ला. म्हणजे नळदुर्ग भागातल्या माणसाचं स्वातंत्र्य आन हैदराबादजवळच्या माणसाचं स्वातंत्र्य वेगळ्या दिवशी आलं, दोघं पण खरं बोलतात. ते आबा आता नाहीत. ती रेकॉर्डिंग अकरा मिनिटांची आहे, ती मोठी असायला पाहिजे होती.

टायटॅनिकचं पण असंच झालेलं. १९१२ ला लाइफबोटीत वाचलेल्या कित्येक माणसांनी सांगितलं की जहाज बुडताना मधोमध तुटलं, त्यात सतरा वर्षांचा एक पोरगा पण होता, पण ब्रिटिश चौकशीत जहाज अखंड बुडालं असंच धरलं गेलं कारण मोठ्या अधिकाऱ्यानं तसं सांगितलं होतं. १९८५ ला समुद्राच्या तळाशी सांगाडा सापडला, तो दोन तुकड्यात होता! ७३ वर्षं लोकांनी डोळ्यानं पाहिलेलं खोटं ठरवलेलं. त्यामुळं सालगडी, मोलकरीण, शाळेतलं पोर, यांनी पाहिलेलं पाटलानं पाहिलेल्यापेक्षा हलकं धरू नका.

उलटी बाजू पण सांगतो, आठवण बदलते. अमेरिकेचं चॅलेंजर हे अवकाशयान २८ जानेवारी १९८६ ला फुटलं, दुसऱ्याच दिवशी सकाळी अमेरिकेत नायसर नावाच्या मानसशास्त्रज्ञानं कॉलेजच्या पोरांकडून लिहून घेतलं की बातमी तुम्हाला कुठं, कुणाकडून कळली. अडीच-तीन वर्षांनी त्यातल्या ४४ जणांना परत विचारलं तर बऱ्याच जणांचं उत्तर भलतंच आलं, तरी त्यांना आपल्या उत्तराची पक्की खात्री होती, आन स्वतःच्या हातचा जुना कागद दाखवला तरी जुनी आठवण काही परत आली नाही. ती माणसं खोटं बोलत नव्हती. म्हणून एकाच घटनेवर जमलं तर तीन माणसांना वेगवेगळं बसवून विचारा, एकत्र बसवू नका, एकत्र बसले की जो मोठ्यानं बोलतो त्याची आठवण सगळ्यांची होऊन जाते. आन "हे तुम्ही स्वतः पाहिलं का कुणी सांगितलं" हा प्रश्न विचाराच, फक्त पोलिसासारखा नको, "तुम्ही तेव्हा कुठं उभे होतात" असा विचारा.

रझाकारांचा विषय काढला तर दोन्ही गल्ल्यात जा, हिंदूंच्या आन मुसलमानांच्या, ही माझी कळकळीची विनंती आहे. रझाकारांनी गावंच्या गावं लुटली, माणसं मारली, ते खरं आहे आन ते सांगणारी माणसं आपल्याला सहज भेटतात. पण ॲक्शननंतर धाराशिव, नांदेड, बीदर, गुलबर्गा भागात मुसलमान घरांवर जे झालं ते पण तेवढंच खरं आहे, सरकारनं पाठवलेली पंडित सुंदरलाल यांची समिती तेव्हा फिरून गेली, तिनं मेलेल्यांचा अंदाज २७ ते ४० हजार दिला आन तो अहवाल कित्येक वर्षं लोकांसमोर आलाच नाही. त्या घरातली म्हातारी माणसं अजून दबक्या आवाजात बोलतात. दखनीत, म्हणजे इकडच्या उर्दूत, बोलतील तर दखनीतच घ्या. नाव सांगू नको म्हणाले तर नाव फाइलवर सुद्धा टाकू नका.

आमच्या गल्लीत एक चाचा आहेत, १९९० ला कुवेतमध्ये ड्रायव्हर होते. इराक आत घुसला २ ऑगस्टला, हे बसनं बगदादवरून जॉर्डनमध्ये अम्मानला पोचले आन तिथून विमानानं मुंबई. तिथून तेव्हा एअर इंडियानं ४८८ फेऱ्या करून पावणेदोन लाखाच्या आसपास माणसं आणली. पण चाचांना आकडा माहीत नाही, त्यांना आठवतं ते तंबूतल्या रांगेत पाण्याची बाटली तिघात वाटून प्यायलेली आन मालकाकडं राहिलेला चार महिन्यांचा पगार. तर जगाचा इतिहास म्हणजे लांबचं काही नाही, गल्फला, फौजेत, जहाजावर गेलेलं कुणी असेल तर त्यांच्याकडं पण बसा.

किल्लारी-सास्तूरकडं जाणार असाल तर वेगळी तयारी लागते. तिथं घरटी माणूस गेलेला आहे. मी एका मावशीला विचारलं नाही, त्यांनीच सांगितलं, ढिगाऱ्यातून सकाळी उजाडेपर्यंत आवाज येत होता आन मग बंद झाला. त्यानंतर त्या चार मिनिटं काही बोलल्या नाहीत. अशा वेळी पुढचा प्रश्न टाकू नका, "रडू नका मावशी" पण म्हणू नका. रेकॉर्डिंग बंद करू का एवढं हळू विचारा, चहा करा, आन ते नको, चालू राहू दे म्हणाले तर फोन तसाच ठेवून नुसतं बसा.

मोबाईलचं थोडक्यात. फ्लाईट मोडवर टाका, पंखा-कूलर बंद, कूलरनं माझ्या दोन रेकॉर्डिंग वाया गेल्यात. पत्र्याचं घर असेल तर पावसात जाऊच नका. फोन हातात नको, घडी घातलेल्या टॉवेलवर, बोलणाऱ्यापासून एक हातावर ठेवा, एक मिनिट रेकॉर्ड करून ऐकून बघा. सुरवातीला स्वतःच्या आवाजात तारीख, गाव आन कुणाशी बोलताय ते बोला. परवानगीचं "हो" पण रेकॉर्डमध्येच घ्या. एका वेळी तास-सव्वातास बास, दुपारचं जेवण होऊन झोप झाली की चारच्या सुमारास चांगलं बोलतात. घरातल्या सुना-नातवांना सांगून ठेवा की मधी दुरुस्ती करायची नाही.

लिहून काढताना भाषा धुवून काढू नका. आजी "आम्ही पळायलो" म्हणाली असेल तर "आम्ही पळत होतो" करू नका. न कळलेल्या शब्दाखाली रेघ मारा, परत जाऊन विचारा, आमच्याकडं हाली रुपया (निजामाचं चलन), फसली साल (निजामाच्या कारभारातलं पिकाच्या हंगामावरचं वर्ष), रझाकारी टोपी असे शब्द परत विचारले तेव्हाच उलगडले. फाइल त्याच संध्याकाळी दोन जागी कॉपी करा, एक पेनड्राइव्हवर, एक घरातल्या दुसऱ्या माणसाकडं.

आन आठवडाभरानं ती रेकॉर्डिंग घेऊन परत त्यांच्याकडं जा आन त्यांना ऐकवा. आजीला ऐकवलं तर ती आधी स्वतःचाच आवाज ओळखेना, मग ज्वारीत झोपायचं आलं तिथं तिनं हात वर केला आन म्हणाली, "थांब, तिथं आमच्यासंगं वेशीतली जमीला बी होती लेकरू घेऊन, ते सांगायचंच राहिलं." मी फोन परत चालू केला.