पट, हजेरी, प्रगती: गोव्यातील शाळा व्यवस्थापन समितीने काय मागावे, काय तपासावे

महिन्याच्या सभेत मुख्याध्यापक ‘हजेरी 92 टक्के’ असे सांगतात, सगळे मान डोलावतात आणि विषय पुढे सरकतो. त्या 92मध्ये काय लपू शकते ते आधी मांडून पाहा. वर्गात 24 मुले आहेत आणि महिन्यात शाळा 22 दिवस भरली. म्हणजे 528 हजेऱ्या लागायला हव्या होत्या, लागल्या 486. टक्का बरोबर 92. आता गैरहजेरीच्या 42 खुणा कोणाकोणाच्या नावापुढे आहेत ते मोजा. चार मुलांच्या प्रत्येकी आठ, बाकी वीस जणांच्या मिळून दहा. ती चार मुले 22 पैकी 14च दिवस शाळेत होती. त्यांची हजेरी जेमतेम 64 टक्के. समितीने ज्यांच्यासाठी बसायचे तेच चौघे सरासरीखाली झाकले गेले. म्हणून सभेत टक्का ऐकून थांबू नये, नावे मागावीत. पट, हजेरी आणि प्रगती या तिन्हींची तपासणी इथूनच सुरू होते.

समितीचा अधिकार कुठवर

शिक्षण हक्क कायदा 2009चा, अंमल 1 एप्रिल 2010पासून. त्याच्या कलम 21नुसार समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात, निम्म्या जागा महिलांच्या, आणि दुर्बल व वंचित घटकांतील मुलांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात स्थान. शाळेच्या कामकाजावर देखरेख ठेवणे, विकास आराखडा तयार करणे आणि अनुदान कसे खर्च होते ते पाहणे ही तिची कामे. 2012च्या दुरुस्तीने अल्पसंख्याकांच्या शाळांत आणि इतर अनुदानित शाळांत समितीचे काम सल्ल्यापुरते ठेवले. गोव्यात अनुदानित शाळा पुष्कळ, तेव्हा आपण कोणत्या शाळेच्या समितीवर आहोत हे पहिल्याच सभेत स्पष्ट करून घ्या. विनाअनुदानित शाळांना ही समिती लागू नाही. सल्लागार समितीनेही आपला सल्ला इतिवृत्तात नोंदवावा. कागदावर आलेला सल्ला सहसा बाजूला सारता येत नाही.

समिती म्हणजे तपासनीस नव्हे. वर्गात शिरून मुलांना प्रश्न विचारणे, शिक्षकाला मुलांसमोर जाब विचारणे, सतत गैरहजर राहणाऱ्याचे नाव कमी करा असा ठराव करणे, यातले काहीही समितीने करू नये. शेवटची गोष्ट तर बेकायदाच आहे: आठवी पूर्ण होईपर्यंत कोणत्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही.

हजेरी

सभेच्या दोन दिवस आधी मुख्याध्यापकांकडून एक कागद घ्या. त्या महिन्यात तीन किंवा अधिक दिवस गैरहजर राहिलेली मुले, प्रत्येकापुढे गैरहजेरीचे दिवस, घरच्यांशी कोण बोलले, कधी बोलले आणि कारण काय निघाले. महिन्याला दोन दिवस चुकले तर कोणाला काही वाटत नाही, पण पहिली ते पाचवीसाठी कायद्याने वर्षाला किमान 200 दिवस शाळा भरायची असते (सहावी ते आठवीसाठी 220). महिन्याला दोन दिवस म्हणजे वर्षाला वीस दिवस, दहावा हिस्सा. म्हणून तीनची रेषा महिन्याची आणि वीसची रेषा वर्षाची, अशा दोन्ही रेषा लक्षात ठेवा.

मग हजेरीपट उघडा आणि आडवा नव्हे, उभा वाचा. आडव्या ओळीत एका मुलाचा महिना दिसतो. उभ्या रकान्यात एका दिवशी कोण कोण नव्हते ते दिसते. शुक्रवारचे रकाने सलग पाहिले आणि त्याच दोन मुली दर शुक्रवारी गैरहजर निघाल्या, तर आई म्हापशाच्या बाजाराला जाते आणि धाकट्या भावंडांना सांभाळायला मोठीला घरी ठेवते, असे असू शकते. तिथे आईला बोल लावून काही साधत नाही. शेजारचे घर किंवा अंगणवाडी यांच्याशी बोलून धाकट्याची सोय झाली तरच मुलगी शाळेत येते. सत्तरी, धारबांदोडा, सांगे, काणकोण भागात मार्च-एप्रिलमध्ये काजूचा हंगाम लागतो, घरची माणसे पहाटे बागायतीत जातात आणि मुले त्यांच्याबरोबर. औद्योगिक वसाहतींच्या आसपासच्या शाळांत उगादी आणि दसऱ्याच्या सुमारास कर्नाटकातील कुटुंबे गावी जातात. काही वेळेवर परततात, काही महिनाभराने. चतुर्थीच्या सुट्टीच्या आधीचे दोन-तीन दिवस आणि नंतरचे दोन-तीन दिवस सगळीकडेच वर्ग रिकामे असतात. जुलैत ओहोळ भरले की पलीकडच्या वाड्यावरची मुले येत नाहीत. ही कारणे दरवर्षी त्याच महिन्यात येतात, त्यामुळे गेल्या वर्षीचा हजेरीपट शेजारी ठेवला की पुढच्या महिन्यात काय होणार ते आधीच कळते. गावी जाणाऱ्या कुटुंबाकडून परतीची तारीख आणि तिकडचा फोन नंबर निघण्यापूर्वी लिहून घेणे हे पाच मिनिटांचे काम. ते झाले नाही की मूल कुठे आहे हे शोधण्यात दोन महिने जातात.

पटावरच्या खुणा खऱ्या आहेत का, हेही पाहावे लागते. हजेरी रोज ठरलेल्या वेळी, शाईने लागलेली असावी. पेन्सिलीचे ठिपके, एका बैठकीत एकाच पेनाने भरलेला आठवडा, धो-धो पावसाच्या दिवशी शंभर टक्के उपस्थिती: यातले काही दिसले तर मुख्याध्यापकांना एकट्यात विचारा. पडताळणीचा सोपा मार्ग म्हणजे माध्यान्ह आहाराची नोंदवही. स्वयंसाहाय्य गटाकडून किती मुलांची पावभाजी किंवा पुलाव आला, किती मुलांनी घेतला, याचा आकडा रोज लिहिला जातो. कोणतेही पाच दिवस निवडा आणि दोन्ही वह्यांतले आकडे एकमेकांशेजारी लिहा. जेवणाचा आकडा थोडा कमी असणे स्वाभाविक, कारण काही मुले घरचा डबा आणतात. तो हजेरीपेक्षा जास्त निघाला, किंवा हजेरी वर-खाली होत असताना जेवणाचा आकडा महिनाभर तोच राहिला, तर दोन्हींपैकी एक नोंद अंदाजाने भरली जात आहे.

गैरहजेरीची कारणे लिहिताना ‘आजारी’ या एका शब्दावर समाधान मानू नका. आजार, घरकाम, वाहन, गावाला जाणे आणि शाळेची भीती हे वेगवेगळे प्रश्न आहेत. कदंब बसची फेरी बंद झाली किंवा बालरथाचा (शाळेच्या बसचा) मार्ग बदलला, तर एकाच वाड्यावरची चार-पाच मुले एकदम गळतात. नावांपुढे वाड्याचे नाव लिहिले की हे लगेच दिसते. भीतीचे कारण मुख्याध्यापकांना कोणी सांगत नाही. ते समितीतल्या पालक सदस्याच्या कानावर येते, आणि याच कामी पालक सदस्याचा खरा उपयोग आहे. शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना कलम 17ने बंदी आहे, तेव्हा असे काही कळले तर पुढच्या सभेची वाट पाहू नये.

शिक्षकांच्या हजेरीचा एक रकानाही ठेवा. वर्गाला शिक्षक नव्हता असे दिवस किती आणि का? जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक एवढीच शिक्षणेतर कामे कायदा मान्य करतो. दोन शिक्षकी शाळेत एक जण प्रशिक्षणाला गेला की दोन्ही खोल्या दुसऱ्याच्या गळ्यात, आणि त्या आठवड्यात मुलांची हजेरीही घसरते.

पट

पटसंख्या तीन ठिकाणी लिहिलेली असते: जनरल रजिस्टर, वर्गाचा हजेरीपट आणि यूडायस प्लस (शाळांच्या माहितीचे केंद्र सरकारचे पोर्टल). तिन्ही आकडे जुळायला हवेत. यूडायसमध्ये 2022-23पासून प्रत्येक मुलाची वेगळी नोंद असते आणि त्याला कायमचा शिक्षण क्रमांक मिळतो. मूल शाळा सोडून गेले की जुनी शाळा त्याला ‘ड्रॉपबॉक्स’मध्ये टाकते आणि नवी शाळा तिथून उचलते. समितीने दर तिमाहीला एक प्रश्न विचारावा: आपल्याकडून गेलेल्यांपैकी अजून ड्रॉपबॉक्समध्ये कोण आहे? ज्याचे नाव तिथेच पडून आहे, ते मूल बहुधा कुठल्याच शाळेत नाही. दाखला नेला म्हणजे प्रवेश झाला असे धरू नका.

गोव्यात सरकारी प्राथमिक शाळा चौथीपर्यंत, पाचवीला मूल दुसरीकडे जाते. गळतीची सर्वांत मोठी फट हीच, आणि ती दोन शाळांच्या मधोमध असल्याने कोणाच्याच हिशेबात येत नाही. चौथी संपताना सगळ्या मुलांची यादी करा, प्रत्येकापुढे कुठे जाणार ते लिहा, आणि पाचवीचा वर्ग सुरू झाल्यावर पंधरा दिवसांनी त्या त्या हायस्कूलला फोन करून खूण करा. दहा-बारा नावांची यादी असते. एक सदस्य एका दुपारी हे संपवतो. सहावीपासून वरच्या वर्गांच्या समित्यांनी तारखेवर विशेष लक्ष ठेवावे. 2025मध्ये सहावी ते दहावीचे वर्ग एप्रिलमध्येच सुरू झाले, आणि जूनची सवय असलेल्या घरांतली मुले अशा वेळी मागे राहतात.

नव्या प्रवेशांसाठी अंगणवाडी सेविकेची यादी हा उत्तम आधार. पुढच्या जूनपर्यंत सहा पूर्ण होणारी वाड्यावरची सगळी मुले जानेवारीतच लिहून काढा. इंग्रजी माध्यमाकडे कल वाढल्यापासून मराठी-कोकणी प्राथमिक शाळांचे पट घटले आहेत, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण कोणते मूल दुसऱ्या शाळेत गेले आणि कोणते कुठेच गेले नाही, हा फरक यादीशिवाय कळत नाही. भाड्याच्या खोल्यांत राहणाऱ्या कुटुंबांची मुले अंगणवाडीच्या यादीतही नसतात, त्यांच्यासाठी घरोघर जावे लागते. जन्मदाखला नाही, आधार नाही, आधीचा दाखला नाही, प्रवेशाची मुदत संपली, यातल्या कोणत्याही कारणाने प्रवेश नाकारता येत नाही. नऊ वर्षांचे मूल कधीच शाळेत गेले नसेल, तरी त्याला वयाप्रमाणे वर्गात बसवून वेगळे शिकवणे हे कलम 4ने शाळेवर घातलेले कर्तव्य आहे.

पट कमी झाला की शिक्षक कमी होतील, शाळा शेजारच्या शाळेत विलीन होईल, या धास्तीने गेलेल्या मुलांची नावे पटावर ठेवली जातात. पहिली ते पाचवीला 60 मुलांपर्यंत दोन शिक्षक आणि 61 ते 90ला तीन, असा कायद्याचा तक्ता आहे; 61व्या नावाचा मोह का होतो ते यातून समजते. शाळा टिकावी असे वाटणे योग्यच आहे. पण खोट्या नावाने शाळा टिकत नाही, आणि ज्याचे नाव इथे अडकले आहे त्याला नवी शाळा पोर्टलवर नोंदवू शकत नाही.

प्रगती

इथे टक्केवारी तर अजिबात नको. सात मुलांच्या वर्गात एक मूल म्हणजे 14 टक्के, त्यामुळे ‘निकाल 14 टक्क्यांनी घसरला’ याचा अर्थ एवढाच की एका मुलाला मदत हवी. शिक्षकांकडून पायरीवार आकडे घ्या: अक्षरे ओळखतात किती, शब्द वाचतात किती, वाक्य किती, परिच्छेद समजून वाचतात किती. हा तक्ता वर्षात तीनदा हवा: सुरुवातीला, दिवाळीच्या सुट्टीआधी आणि मार्चमध्ये. सहा महिन्यांत ज्यांनी एकही पायरी चढलेली नाही, त्यांच्यासाठी काय ठरले ते विचारा. तुलनेला राष्ट्रीय निपुण भारत अभियानाचे टप्पे आहेत: दुसरीच्या अखेरीस मिनिटाला 45 ते 60 शब्द, तिसरीच्या अखेरीस किमान 60, तेही न पाहिलेल्या मजकुरातले आणि अर्थ समजून. अंकांत पहिलीला 99पर्यंत, दुसरीला 999पर्यंत, तिसरीला 9999पर्यंत वाचता-लिहिता यावे.

वाचनाचा वेग पाहताना घरची भाषा विसरू नका. मराठी शाळेतली बहुतेक मुले घरी कोकणी बोलतात, काही कन्नड, काही हिंदी. कन्नड घरातून आलेले मूल पहिल्या वर्षी हळू वाचणारच. ते दर तिमाहीला पुढे सरकते आहे का, एवढे पाहावे. गणितात चांगले आणि वाचनात मागे असेल तर अडचण भाषेची. दोन्हीत मागे आणि हजेरी 64 टक्के असेल तर आधी हजेरीचे काम करा. दोन्हीत मागे पण हजेरी उत्तम असेल, तर डोळे-कान तपासून घ्या. फळ्यावरचे दिसत नाही हे मूल स्वतः सांगत नाही.

गुणपत्रिकेपेक्षा वह्या जास्त सांगतात. प्रत्येक वर्गातल्या तीन वह्या, हुशार मुलांच्याच नव्हेत, मुख्याध्यापकांनी सभेत दाखवाव्यात, नावाचे पान झाकून. तारखा सलग आहेत का, चुकीखाली मुलाने पुन्हा बरोबर लिहिले आहे का, की नुसतीच लाल खूण आहे, हे कोणत्याही पालकाला समजते. 2019च्या दुरुस्तीनंतर पाचवी आणि आठवीला वर्षाअखेर परीक्षा आहे, आणि नापास मुलाला त्याच वर्गात ठेवायचे की नाही हे राज्य ठरवते. नापास झाल्यास आधी जादा शिकवणे आणि दोन महिन्यांत पुन्हा संधी देणे बंधनकारक आहे. वर्गाला अशी परीक्षा असो वा नसो, मदत लागणाऱ्या मुलांची यादी दिवाळीलाच तयार हवी.

सभेत आणि सभेनंतर

वेळ शनिवारी शाळा सुटल्यानंतरची ठेवली तर मजुरीला जाणाऱ्या आया येऊ शकतात. सकाळी अकराची सभा म्हणजे निम्म्या खुर्च्या रिकाम्या. मुलांची नावे सभेच्या कागदावर असली तरी इतिवृत्तात फक्त रजिस्टर क्रमांक लिहा, आणि ‘अमक्याचा मुलगा’ ही चर्चा गावात जाऊ देऊ नका. ठराव ‘गैरहजेरीवर लक्ष द्यावे’ असा लिहिला तर कोणीच काही करत नाही. ‘रजि. क्र. 412च्या घरी अमुक सदस्य मंगळवारपर्यंत जातील’ असा लिहा, आणि पुढची सभा त्याच ओळीपासून सुरू करा.

शाळेच्या हातात नसलेली गोष्ट, म्हणजे रिकामे शिक्षकपद किंवा बंद झालेली बसफेरी, भागशिक्षणाधिकाऱ्यांना लेखी कळवा आणि प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का घ्या. दाद मिळत नसेल तर कलम 32खाली तक्रार करता येते. तिचा निकाल तीन महिन्यांत द्यायचा असतो, पुढे अपील राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे. वर्षभराच्या या याद्या फेकू नका. शाळा विकास आराखड्यात पुढच्या तीन वर्षांची वर्गवार पटसंख्या द्यावी लागते, आणि केंद्राच्या आदर्श नियमांप्रमाणे तो आर्थिक वर्ष संपण्याच्या तीन महिने आधी, म्हणजे डिसेंबरअखेर तयार असावा लागतो.