मुलांचं ख्रिस्ती उन्हाळी शिबिर: पहिले दोन दिवस कसे सांभाळावेत

मे महिन्यात पन्हाळ्यावर मुलांचं शिबिर घ्यायचं ठरलं की समितीच्या सगळ्या बैठका वक्ते, गीतं आणि बॅनर यांतच संपतात. शिबिर जमतं की फसतं ते मात्र पहिल्या रात्री ठरतं. मुलाचं पोट बरं राहिलं, झोप लागली आणि गटाच्या ताईची ओळख झाली की पुढचं सगळं सोपं जातं. म्हणून तयारी तिथूनच करावी.

निघण्याआधी

पालकांच्या फॉर्मवर औषधं, ॲलर्जी, मुलाला न्यायला कोण येणार आणि रात्री अंथरूण ओलं होतं का, हे विचारा. शेवटचा प्रश्न पालक लाजून रिकामा सोडतात. तो फोनवर हळूच विचारावा. संडे स्कूलच्या मुलांबरोबर गल्लीतली, वर्गातली इतर धर्मांची मुलंही हौसेनं येतात. शिबिरात रोज प्रार्थना, गीतं आणि बायबलमधल्या गोष्टी असतात, हे त्यांच्या आईवडिलांना आधीच स्पष्ट सांगा आणि लेखी संमती घ्या. ‘नुसते खेळ आहेत’ असं सांगून मूल आणणं मला तरी पटत नाही.

सामानाच्या यादीत टॉर्च आणि जर्किन हवंच. वळीव कधी कोसळेल आणि लाईट कधी जाईल, याचा नेम नसतो.

पहिली दुपार

कोल्हापूर ते पन्हाळा जेमतेम २० किलोमीटर, पण शेवटी घाट आहे. पोटभर जेवण घालून लगेच गाडीत बसवू नका. उजेड असतानाच पोहोचा. पिशव्या टेकवल्या की आधी संडास, नळ आणि कुठवर जायचं ती हद्द दाखवा. गडावर माकडं आहेत. खाऊची पिशवी खिडकीत ठेवायची नाही, हा नियम तेव्हाच सांगा.

मग ७-८ मुलांचे गट पाडा आणि प्रत्येक गटाला एक ताई किंवा दादा द्या. दावीद, एस्तेर, दानीएल, रूथ अशी बायबलमधली नावं मुलांना आवडतात. कोडोली, गडहिंग्लज, इचलकरंजीची मुलं मिसळा, पण प्रत्येकाजवळ ओळखीचं एक तरी मूल राहू द्या.

उद्घाटन अर्ध्या तासात उरका. हारतुरे आणि सत्कार शेवटच्या दिवशी. चर्चच्या पाळकसाहेबांना ‘पाचच मिनिटं, साहेब’ हे आदल्या दिवशीच प्रेमानं सांगावं. ऐनवेळी चिठ्ठी पाठवून भागत नाही.

रात्री आमटी-भात, बटाट्याची भाजी, चपाती. तांबडा-पांढरा रस्सा शेवटच्या रात्रीसाठी राखा. आचाऱ्याला तिखट कमी म्हटलं की तो मान डोलावतो आणि हात सैलच सोडतो, त्यामुळे चव स्वतः बघा.

पहिली रात्र

मुलामुलींच्या खोल्या वेगळ्या, आणि प्रत्येक खोलीची जबाबदारी दोन मोठ्या माणसांवर. कुठलाही स्वयंसेवक एका मुलाबरोबर बंद खोलीत एकटा राहणार नाही, हा नियम पाळकसाहेबांनाही लागू. संडासाच्या वाटेवर रात्रभर दिवा हवा.

दिवे मालवले की कोपऱ्यातून हुंदका येतो, ‘मला घरला जायाचं हाय.’ ‘एवढा मोठा झालास आणि रडतोस?’ असं म्हणू नका. जवळ बसा, पाणी द्या, घरी कोण कोण आहे ते विचारा, त्यांच्यासाठी दोन वाक्यांची प्रार्थना करा. सकाळी माझ्याबरोबर घंटा वाजवायची, असं काम त्याच्यावर सोपवा. बहुतेकांना इतकं पुरतं. नाहीच थांबला, तर फोन लावून द्या. अडवून ठेवण्यात शहाणपण नाही. इतर पालकांसाठी व्हॉट्सॲप ग्रुपवर रात्री ८ वाजता एक निरोप आणि एक फोटो टाकला की तुमचा फोन शांत राहतो.

दुसरा दिवस

सकाळी चपला झटकून घालायला लावा. विंचवाचा भरवसा नाही. भक्ती, म्हणजे सकाळची प्रार्थना, आणि नाष्टा झाला की ऊन चढायच्या आत अंबरखान्याकडे चला. गंगा, यमुना, सरस्वती ही गडावरची धान्याची कोठारं. योसेफानं मिसरात, म्हणजे इजिप्तमध्ये, सुकाळाच्या सात वर्षांत धान्य कसं साठवलं, ही बायबलमधल्या उत्पत्ती या पुस्तकाच्या ४१ व्या अध्यायातली गोष्ट सांगायला याहून चांगली जागा मला ठाऊक नाही. ‘सात वर्षांचं धान्य कुठं मावलं असेल?’ एवढं विचारा आणि गप्प बसा. मुलंच भिंती बघत हिशोब मांडू लागतात.

बायबलमधलं वचन पाठ करून घेताना एक अडचण येते. इंग्रजी माध्यमाच्या मुलांना मराठी बोलता येतं, पण देवनागरी वाचताना ती अडखळतात. त्यांना सगळ्यांसमोर वाचायला उभं करू नका. वचन टाळ्यांच्या ठेक्यावर आधी तोंडी बसवा, कागद नंतर द्या.

दुपारी सक्तीची विश्रांती. आंबे मोजून द्या, नाहीतर संध्याकाळी पोटदुखीची रांग लागते.

रात्री मुलं झोपल्यावर सगळ्या ताई-दादांनी एकत्र बसावं: कोण जेवत नाही, कोण एकटं पडलंय, कुणाचं कुणाशी वाजलंय. गट बदलायचे असतील तर तिसऱ्या दिवशी नाष्ट्याआधीच बदला. त्यानंतर मुलं आपला गट सोडायला तयार होत नाहीत.