नवरा-बायकोचा थ्रिलर लिहिताय? या चुका टाळा

ओळखीतले लोक हस्तलिखितं वाचायला देतात. सध्या त्यात बिघडलेल्या संसाराच्या थ्रिलरची लाट आहे. बहुतेकांना वाटतं शेवट फसलाय. माझ्या मते दुखणं बरंच आधी सुरू झालेलं असतं: वाचकाला चकवण्याऐवजी लेखकानं त्याच्यापासून नुसतं लपवलेलं असतं.

नेहमीचं उदाहरण. नवरा बेपत्ता, गोष्ट बायको सांगते, शेवटी कळतं तिनंच मारलं. पण मधली दोनशे पानं ती एकटी बसून ‘कुठे गेला असेल हा?’ असं मनाशी म्हणत असते. बाई, तुला तर माहीत आहे ना? स्वतःशी कोण असं खोटं बोलतं? त्यापेक्षा तिला खरंच बोलू द्या, फक्त वजन भलतीकडे पडू द्या. ‘मी दिवा मालवला तेव्हा तो शांत झोपला होता.’ पहिल्या वाचनात ही माया वाटते, दुसऱ्यात अंगावर काटा येतो. खर्डा झाला की शेवट ठाऊक असलेल्या माणसाच्या नजरेनं पहिली पन्नास पानं वाचा. निवेदकाचं जे वाक्य तेव्हा खोटं ठरेल, ते बदला.

आता एक चूक खास आपल्या भाषेतली. मध्येमध्ये तिरप्या अक्षरांत अनामिकाचं निवेदन घालायची फॅशन इंग्रजीतून आली. तिथे ‘मी’ बाई की पुरुष हे लपतं. मराठीत ‘मी खिडकीशी उभी होते’ लिहिलं की अर्धं रहस्य तिथेच संपलं. एका लेखकानं यावर उपाय म्हणून सगळीकडे ‘उभा/उभी’ असा तिरका दंड मारला होता! खरा उपाय व्याकरणातच आहे. सकर्मक भूतकाळात क्रियापद कर्माप्रमाणे चालतं: ‘मी दार उघडलं’, ‘मी चहा ओतला’. ‘मला दिसलं’, ‘माझ्या हातून कप पडला’, ‘मी परत येईन’ हेही चालतं. ‘गेलो-गेले’, ‘बसतो-बसते’ मात्र कटाक्षानं टाळा. यातून आपोआप एक थंड, हिशेबी सूर येतो, आणि तो अशा पात्राला शोभतोही.

गॅसलायटिंगचं, म्हणजे माणसाला स्वतःच्याच शुद्धीवर शंका घ्यायला लावण्याचं, तर पार लोणचं झालंय. नवरा बायकोला ‘तू वेडी आहेस’ म्हणाला की झालं, असा समज आहे. हा शब्द पॅट्रिक हॅमिल्टनच्या १९३८ सालच्या नाटकावरून रूढ झाला. त्यात नवरा गुपचूप वरच्या मजल्यावर जाऊन गॅसचा दिवा लावतो, त्यामुळे खालच्या दिव्याची ज्योत मंदावते. ज्योत खरोखर मंदावते, हे महत्त्वाचं. तुमच्या घरातली ज्योत कोणती? समजा, बायको कॅलेंडरवर दुधाच्या खाड्याच्या फुल्या मारते. चार दिवस माहेरी राहून ती परतते, तर त्या चार दिवसांवरही फुल्या आहेत, तिच्याच वळणाच्या. नवरा म्हणतो, ‘अगं, तू इथेच तर होतीस.’ एवढं पुरे. आरडाओरडा नको.

एकाकी बंगल्याचा मोहही सोडा. आपल्या फ्लॅटमध्ये लॅचची किल्ली असलेल्या मावशी येतात, खाली वॉचमनची वही असते, समोरच्या काकूंचं दार कायम किलकिलं असतं. अडचण वाटते, पण हेच साक्षीदार आहेत.

कायद्याची चूक मात्र वाचक माफ करत नाही. लग्नाला सात वर्षं व्हायच्या आत विवाहितेनं आत्महत्या केली किंवा तिचा संशयास्पद मृत्यू झाला, तर शवविच्छेदन होतं आणि कार्यकारी दंडाधिकाऱ्यांची चौकशीही लागते; गावाकडे ते बहुधा तहसीलदार असतात. तेव्हा ‘हार्ट अटॅक’ म्हणून दुपारी अंत्यसंस्कार उरकणारा नवरा दाखवायचा असेल, तर त्याला कुणी आणि का साथ दिली तेही दाखवा. लग्नाला सहा वर्षं अकरा महिने झालेत हा तपशील तर स्वतःच एक कथानक आहे. १ जुलै २०२४ नंतरची गोष्ट असेल, तर विवाहितेच्या छळासाठी पोलिसाच्या तोंडी जुन्या दंड संहितेतल्या ‘४९८ अ’ ऐवजी भारतीय न्याय संहितेचं ८५ वं कलम येईल. जुना हवालदार सवयीनं जुनाच आकडा बोलला तर उलट मजा. झोपेच्या गोळ्याही मूठभर सहज मिळत नाहीत. अल्प्राझोलाम ही गोळी एच-वन या कडक नियमांच्या औषधयादीत आहे, त्यामुळे दुकानदाराला डॉक्टरचं आणि रुग्णाचं नाव नोंदवून ठेवावं लागतं. ती नोंदवही तुमच्या तपासाच्या कामी येईल.

आणि संवाद. ‘तू मला फसवलंस, विक्रांत!’ असं मराठी बायको भांडताना म्हणत नाही. आपल्याकडे ‘अरे’ आणि ‘अहो’ आहेत ना. चार भिंतींत त्याला ‘अरे’ म्हणणारी, सासूबाईंसमोर ‘अहो’ म्हणणारी बायको घ्या. एका रात्री घरात दुसरं कुणी नसताना ती स्वयंपाकघरातून हाक मारते, ‘अहो, जेवायला वाढलंय.’




प्रकरण तिथेच थांबवा.