ओटीपी वाशीला वाजतो

बारावीचा निकाल लागला की पाटण तालुक्यातल्या आमच्या वाडीत दाखल्यांची पळापळ सुरू होते. 'आपले सरकार' या सरकारी पोर्टलवर अर्ज भरायला अर्धा तास पुरतो. दिवस मोडतो तो आदल्या रात्री न बघितलेल्या गोष्टींपायी.

सगळ्यात आधी मोबाइल. आमच्याकडं निम्मी घरं मुंबईच्या पगारावर. आधारला नंबर थोरल्याचा, आणि तो वाशीच्या मार्केटला माथाडी. डिजिलॉकर उघडा नाहीतर लाडक्या बहिणीची ई-केवायसी करा, ओटीपी वाजतो त्याच्या खिशात, गोणी पाठीवर असताना. तेव्हा आधारला कुठला नंबर आहे ते आजच बघा. बंद पडलेला असेल तर आधार केंद्रावर जाऊन बदला. चालू असेल तर थोरल्याला वेळ ठरवून द्या आणि फोन आपणच लावा. समोरून कुणी ओटीपी मागितला तर द्यायचा नाही, मग तो तहसीलचं नाव सांगो की बँकेचं. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन. 'आपले सरकार'वर खातं उघडताना मात्र घरात राहणाऱ्याचाच नंबर टाका.

मग नावं. आधार, रेशनकार्ड, शाळा सोडल्याचा दाखला, सातबारा, सगळं सतरंजीवर शेजारी शेजारी मांडा आणि मोठ्यानं वाचा. एकात ज्ञानदेव, दुसऱ्यात ज्ञानू. आजीच्या नावापुढं कुठं बाई आहे, कुठं नाही. माझ्या बहिणीचा अर्ज एका वेलांटीपायी परत आला होता. दुरुस्तीला दिवस लागतात, म्हणून हे काम एप्रिलमध्येच उरकलेलं बरं.

उत्पन्नाला तलाठ्याचा अहवाल, नोकरदाराला फॉर्म १६, पत्त्याला लाइटबिल. नॉन-क्रीमीलेअर काढायचं असेल तर तीन वर्षांचं उत्पन्न लागतं, एका वर्षाचा दाखला चालत नाही. जुना उत्पन्नाचा दाखला हाताशी असेल तर त्यावरची ३१ मार्चची मुदत वाचा. कागदांचे फोटो अंगणात, दिवसाउजेडी काढा. फाइल ७५ ते ५०० केबीत बसवावी लागते. स्वयंघोषणापत्रावर सही राहतेच राहते, तेवढी बघा.

सातबारा महाभूमी या सरकारी साइटवरून १५ रुपयांत डिजिटल सहीचा काढा. फुकट दिसतो तो नुसता बघायला.

पैसे कापले गेले आणि पावती आली नाही तर लगेच दुसऱ्यांदा भरू नका, आधी अर्जाची स्थिती तपासा. पावती जपा. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यानं प्रत्येक दाखल्याला मुदत ठरलेली आहे. ती उलटली किंवा अर्ज फेटाळला तर ३० दिवसांत पहिलं अपील करता येतं, आणि कारण नसताना अडवणाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. पण अर्ज क्रमांकच नसेल तर अपील कशाच्या जोरावर करणार? आमच्याकडं तो देव्हाऱ्यामागच्या कॅलेंडरवर लिहून ठेवतात. ते पान महिना संपला तरी फाडत नाहीत.