प्रोबेट बघायला जाताना

अमेरिकेत शिकायला गेलात आणि कॅम्पसवर 'प्रोबेट'चं पोस्टर दिसलं, तर आवर्जून जा. आफ्रिकन-अमेरिकन फ्रॅटर्निटीत (ग्रीक अक्षरांची नावं असलेल्या, विद्यार्थ्यांच्या बंधुसंघटनेत) नव्याने दाखल झालेले सदस्य यात पहिल्यांदा सगळ्यांसमोर येतात. दीक्षेचा गुप्त विधी त्याआधीच झालेला असतो. त्यात काय झालं हे मित्रालाही विचारू नका.

आधी फ्रॅटर्निटीचे रंग ओळखा. काळा-सोनेरी म्हणजे अल्फा फाय अल्फा, १९०६ साली कॉर्नेलमध्ये सुरू झालेली. किरमिजी-क्रीम कप्पा अल्फा साय, जांभळा-सोनेरी ओमेगा साय फाय, निळा-पांढरा फाय बीटा सिग्मा, तपकिरी-सोनेरी आयोटा फाय थीटा. तुमचे कपडे साधे असू द्या. यांची ग्रीक अक्षरं असलेला टी-शर्ट सदस्याशिवाय कुणीच घालायचा नसतो.

नव्यांची 'लाइन' एकमेकांना खेटून, पावलात पाऊल टाकत येते. बहुधा सगळ्यात बुटका पुढे, त्याला 'एस' म्हणतात. शेवटचा तो 'टेल'. चेहरे झाकलेले असतात, कारण कोण दाखल झालं हे तोवर लपवून ठेवलेलं असतं. मग संस्थापकांची नावं, चॅप्टरचा (त्या कॉलेजातल्या शाखेचा) इतिहास, ग्रीक मुळाक्षरं एका सुरात म्हटली जातात. एकाचा शब्द अडला की अख्ख्या लाइनचा ताल तुटतो. महिनोन्‌महिन्यांची मेहनत इथे ऐकू येते, म्हणून या वेळी गप्प राहा. मुखवटा काढून एकेकजण पुढे येतो, आपलं नाव, लाइनमधला नंबर आणि लाइनने दिलेलं टोपणनाव गर्जून सांगतो. ओरडायचं ते तेव्हा.

पुढे स्टेपिंग: पायांचे ठोके, टाळ्या, मांडीवर थाप. कप्पाचे लोक हातातली काठी बोटांवर फिरवतात. ओळीने नाचत जाणं म्हणजे 'स्ट्रोल'. ती ओळ मधून कापून जाणं हा मोठा अपमान, मोबाइलवर शूटिंग करण्याच्या नादात तो सहज घडतो. फोटोत त्यांची हाताची खूणही करू नका, ती कमवावी लागते. भेट म्हणून फुलं किंवा चॉकलेटांची माळ चालते.

स्वतः सदस्य व्हायचं असेल तर वंशाची अट नाही. परीक्षेतले चांगले गुण आणि समाजसेवेची नोंद लागते. जुनी 'प्लेजिंग'ची पद्धत, म्हणजे दाखल होण्याआधी उमेदवारांना कसोटीला लावणं, १९९० मध्ये अधिकृतपणे बंद झाली. मारहाणीत मुलं दगावली होती, म्हणून. आता अर्ज, मुलाखत, फी सगळं अधिकृत मार्गानेच व्हायला हवं. कुणी रात्री खोलीवर बोलावून फळीने मारणार असेल, उपाशी किंवा जागं ठेवणार असेल, तर जाऊ नका. विद्यापीठाच्या विद्यार्थी विभागाला त्याच दिवशी कळवा.